आवाज विकत घेतला, इंजिन गहाण टाकलं

कोन फिल्टर लावला की गाडीची ताकद वाढते, ही वापी-सिल्वासा रस्त्यावर रोज विकली जाणारी थाप आहे. मी दादऱ्यात राहतो, याच रस्त्याला लागून. चार-पाच वर्षं वापरलेली स्विफ्ट, आय-ट्वेंटी किंवा पोलो गॅरेजसमोर उभी असते. बॉनेट वर, कंपनीचा काळा फिल्टर बॉक्स जमिनीवर काढून टाकलेला आणि त्याच्या जागी लाल जाळीचा उघडा शंकू. मालक विशी-बाविशीतला असतो. पैसे मोजून झाले की तो ॲक्सिलरेटर दाबतो, बॉनेटखालून खर्जातला घुमारा उठतो आणि तो मला म्हणतो, "काका, पिकअप बघा." मी बघतो. पिकअप होता तेवढाच असतो, वाढलेला असतो तो आवाज.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला कोणी समजावून सांगितलेलं नाही. माझा राग आहे तो हे ठाऊक असूनही विकणाऱ्यांवर, आणि डोळ्यांदेखत चाललेलं हे काम तपासायची तसदी न घेणाऱ्या यंत्रणेवर.

आधी ताकदीचा हिशेब करू. बाराशे सीसीचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारत असताना पूर्ण ॲक्सिलरेटरवर सुमारे अठराशे लिटर हवा ओढतं. कागदी फिल्टर त्या हवेला अडवतो, हे खरं. पण फिल्टर स्वच्छ असेल तर ही अडवणूक वातावरणाच्या दाबाच्या फार तर एक-दोन टक्के. ती संपूर्ण नाहीशी केली, तरी ऐंशी-पंच्याऐंशी हॉर्सपॉवरच्या गाडीला एखाददुसरा हॉर्सपॉवर मिळेल, तोही इंजिन शेवटच्या टोकाला ताणल्यावर. दादऱ्याहून सिल्वासाला जाताना त्या टोकाला कोण पोचतं? रोजच्या चालवण्यात तर पेट्रोल गाडीची हवा फिल्टर अडवतच नाही. ती अडवतो थ्रॉटलचा अर्धा मिटलेला पडदा, आणि तो अर्धा मिटलेला असतो कारण तुमचा पाय पेडलवर अर्धाच असतो. त्याच्या मागे कितीही मोकळा फिल्टर बसवा, काहीही बदलत नाही.

ॲव्हरेज वाढतं, ही दुसरी थाप. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून मोजमापं घेतली. तुंबलेला फिल्टर काढून नवा कोरा बसवला, तरी इंधनाच्या खपात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. वेग पकडायला मात्र तुंबलेल्या फिल्टरमुळे गाडीला उशीर लागला. म्हणजे पिकअप हवा असेल तर उपाय आहे, आणि तो काही शे रुपयांचा आहे: कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदला. या उपायात गॅरेजवाल्याला नफा नाही, म्हणून तो कोणी सुचवत नाही.

उघडा शंकू तर बहुतेक वेळा उलटंच करतो. कंपनीचा पाईप हवा पुढच्या जाळीजवळून, बाहेरून घेतो. शंकू बसतो बॉनेटखाली, तापलेल्या इंजिनाच्या शेजारी. हवा तीन अंशांनी तापली की तिची घनता साधारण एक टक्क्याने घटते. मे महिन्यात वापीच्या फाटकाशी दहा मिनिटं अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली बाहेरच्यापेक्षा तीस अंश जास्त गरम हवा असणं अगदी साधी गोष्ट आहे. एक टक्का मोकळीक मिळवण्यासाठी नऊ टक्के हवा गमावायची, असा हा व्यवहार. आणि तो घुमारा? कंपनीच्या बॉक्सला आणि पाईपला हवा ओढण्याचा आवाज गिळण्यासाठी पोकळ्या ठेवलेल्या असतात. बॉक्स काढला की तो आवाज बाहेर पडतो आणि कान त्यालाच जोर समजतो. ज्याला खरोखर ताकद वाढल्याचं सांगायचं असेल त्याने एकाच दिवशी, एकाच गाडीवर, बसवण्याआधी आणि नंतर डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, मोजून आकडे दाखवावेत. मी जिथे जिथे हे आकडे मागितले, तिथे मला आवाजच पुन्हा ऐकवला गेला.

इथवर फसवणूक फक्त पैशांची. याच्यापुढे इंजिन मरतं.

आमच्या भागातली धूळ बाहेरच्यांना कळायची नाही. कारखान्यांसाठी दिवसरात्र कंटेनर आणि ट्रेलर धावतात. पावसाळ्यात खड्ड्यांतून उसवलेली खडी आणि माती ऑक्टोबरात वाळते, आणि पुढचे आठ महिने प्रत्येक ट्रकच्या चाकांमागे तिचा लोट उठतो. त्यातले वाळूचे आणि दगडाच्या भुकटीचे बारीक कण ओतीव लोखंडाला चरे पाडण्याइतके कठीण असतात. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, तो काही मायक्रॉनचाच. पाच ते वीस मायक्रॉनचा कण तिथे शिरला की प्रत्येक फेऱ्याला घासत राहतो. मोठ्या भोकांच्या चाळणीतून पीठ भराभर पडतं, पण कोंडाही पडतो. स्वस्त शंकूची हवा 'मोकळी' असते ती याच कारणाने.

इथे एक फरक करायलाच हवा. कापडाच्या जाळीला तेल लावून केलेले, धुऊन पुन्हा वापरता येणारे फिल्टर ही मुळात वाईट कल्पना नाही. कॅलिफोर्नियातल्या के अँड एनने 1969 पासून ते बनवून नाव कमावलं. कंपनीच्याच बॉक्समध्ये बसणारा, आयएसओ 5011 या चाचणीचे आकडे छापलेला फिल्टर कोणी घेत असेल आणि तो नीट धुऊन, मोजून तेल लावत असेल, तर माझं भांडण नाही. पण आमच्याकडे विकला जाणारा बहुतेक माल बिननावाचा, खोक्यावर फक्त आगीचं चित्र. धूळ किती अडते, याचा एक आकडा त्यावर नसतो. त्यात मिस्त्री हाताला येईल तेवढं तेल ओततो. ते तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसतं, सेन्सर चुकीचं मोजतो, आणि डिझेल गाडीत त्याच्या भरवशावर चालणारं ईजीआरचं, म्हणजे जळालेला वायू थोडा परत इंजिनात फिरवण्याचं, गणित कोलमडतं. मग धूर निघतो. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने काढलेल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत अंकलेश्वरपाठोपाठ वापी दुसरी होती. त्या हवेत आणखी काजळी सोडायचा हक्क कोणालाही नाही.

पावसाचं तर विचारूच नका. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गार हवा मिळावी म्हणून काही जण पाईप लांबवून फिल्टर थेट बंपरच्या तळाशी नेतात. खानवेलच्या रस्त्यावर एखाद्या सखल जागी साचलेल्या पाण्यातून अशी गाडी घातली की फिल्टर बुडतो आणि इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्याच्या साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, आणि बदल कळवलेला नसेल तर जादा पैसे भरून घेतलेलं इंजिनाचं संरक्षणही वादात सापडतं.

कायदा नाही असं कोणी म्हणू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट निकाल दिला, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ नव्याने लिहिलं: परवानगी नसलेला प्रत्येक बदल म्हणजे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण आरसीवर फिल्टरची नोंद नसते, पीयूसीवाला फक्त सायलेन्सरच्या तोंडाशी नळी धरतो, आणि बॉनेट कोणीच उघडत नाही. दंड ठेवला तोही मालकावर. बसवून देणारा मोकळा.

ज्या कॅलिफोर्नियाचं नाव घेऊन हा माल खपवला जातो, तिथे असं चालत नाही. रस्त्यावरच्या गाडीला बाहेरचं इनटेक बसवायचं तर त्याला तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. तपासणीत बॉनेट उघडून तो बघतात, आणि नसेल तर गाडी नापास होते. आपल्याकडे हे अशक्य नाही. पुण्यात एआरएआयसारखी गाड्या पास करणारी संस्था आहे. तिथे तपासून क्रमांक मिळालेला फिल्टरच विकू द्यावा, आणि बिनक्रमांकाचा बसवणाऱ्या गॅरेजला दंड करावा. आमची दादरा-नगर हवेली 491 चौरस किलोमीटरची. इथली गॅरेजं तपासायला कोणाला कितीसे दिवस लागणार आहेत?

आणि याची किंमत शेवटी तो शौकीन मालक देतच नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त चीड आणते. झिजलेलं इंजिन लगेच बोलत नाही. दोन-तीन वर्षांत मालकाचा हौसेचा भर ओसरतो, तो शंकू काढून कंपनीचा बॉक्स परत बसवतो आणि गाडी विकतो. ती घेतो रांध्याचा किंवा दुधनीचा एखादा वारली किंवा कोकणा तरुण, कारखान्यातल्या पगारावर कर्ज काढून. सहा महिन्यांत इंजिन ऑइल प्यायला लागतं, निळा धूर येतो, आणि हप्त्यांच्या वर इंजिनाच्या कामाचा खर्च येऊन पडतो. त्याने एकदाही 'पिकअप बघा' म्हटलेलं नसतं.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यांना सांगतो. मीटर आणि रंग बघण्याआधी फिल्टर बॉक्सच्या पुढचा, इंजिनाकडे जाणारा पाईप सोडवायला लावा. त्याच्या आत पांढरं फडकं फिरवा. फिल्टरच्या पलीकडची ही जागा कोरडी आणि स्वच्छच असायला हवी. फडक्याला माती लागली, तर विकणारा काहीही सांगो, सौदा तिथेच मोडा.