दोष शब्दाचा नव्हे, कुलपाचा!

काचीगुड्यातील आमच्या घरी नवा राउटर आला आणि सौभाग्यवतींचा जुना लॅपटॉप रुसला. परवलीचा शब्द आम्ही तीनदा तपासून दिला. प्रत्येक वेळी नकारच! पुण्याची नात रविवारच्या गप्पांसाठी खोळंबलेली. अखेरीस उलगडा झाला. राउटरवर २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षापद्धती होती. लॅपटॉपला २००४ची डब्ल्यूपीए-२ तेवढी ठाऊक. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पद्धती चालतील असा पर्याय निवडला, लॅपटॉपमधील जुनी नोंद पुसून शब्द पुन्हा दिला आणि नात पडद्यावर अवतरली. वाचकहो, अशा वेळी वैतागून कुलूपच काढू नका. २००१ सालीच फोडली गेलेली डब्ल्यूईपी पद्धतही निवडू नका. तिचे कुलूप केवळ नावापुरते आहे.