यंत्राची पूजा, हातांची उपेक्षा

खंडेनवमीला आपल्याकडील कारखान्यांत यंत्रांची मनोभावे पूजा होते. छताखाली रुळांवरून फिरणाऱ्या क्रेनच्या हुकालाही झेंडूची माळ चढते. सण सरला, की त्याच क्रेनची बटणे आठवड्यापूर्वी ठेकेदाराकडे लागलेल्या तरुणाच्या हाती सोपवली जातात. ‘हे वर, हे खाली’ एवढेच त्याचे प्रशिक्षण! मग त्या पूजेला अर्थ काय उरला?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने क्रेन, साखळ्या व दोर यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा कसून तपासणी बंधनकारक केली होती. क्रेनच्या मार्गावर माणूस काम करीत असेल, तर क्रेन त्याच्यापासून ६ मीटरच्या आत येऊ नये, असाही दंडक होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. कायदे बदलतात, गुरुत्वाकर्षण बदलत नाही.

दोन पदरी दोराने ओझे उचलताना पदरांचा जमिनीशी कोन ३० अंशांवर आला, तर प्रत्येक पदरावर संपूर्ण ओझ्याइतका ताण येतो. पाच टनांचे ओझे असेल, तर दोन्ही पदरांना प्रत्येकी पाच टन सोसावे लागतात. हे गणित अल्पशिक्षित कामगारालाही समजते; मात्र ते कोणीतरी समजावून द्यावे लागते. ओझे तिरके ओढू नये, प्रथम थोडेसे उचलून ब्रेक पारखावा, लिमिट स्विचच्या भरवशावर हुक वर नेऊ नये, लोंबत्या ओझ्याखाली कोणालाही येऊ देऊ नये. इशारे एकानेच द्यावेत. ‘थांबा’ हा इशारा मात्र कोणीही द्यावा आणि चालकाने तत्क्षणी थांबावे. हे सारे सरावानेच अंगी मुरते.

विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये १ ऑगस्ट २०२० रोजी चाचणीच्या वेळी क्रेन कोसळून ११ जणांचा बळी गेला. प्रत्येक दुर्घटनेची कारणे निराळी असतात. उजाडणारी घरे मात्र सारखीच असतात.

‘ठेक्याचा कामगार आज आहे, उद्या नाही, त्याच्यावर खर्च कशाला?’ असा युक्तिवाद केला जातो. परंतु निसटलेले ओझे खाली कायम कामगार उभा आहे की ठेक्याचा, हे पाहत नाही. प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झाल्याविना कोणाच्याही हाती क्रेन देणार नाही, एवढा निर्धार उद्योजकांनी करावा आणि कामगार कार्यकर्त्यांनी वेतनवाढीइतक्याच आग्रहाने त्याची मागणी करावी. येत्या खंडेनवमीला हुकाला माळ घालण्यापूर्वी तो चालवणाऱ्या हातांची विचारपूस व्हावी. खरी यंत्रपूजा तीच!