आयपीएलचा '80-82' भाव ठरतो कसा? आणि शेवटी बुकीच का कमावतो?

आयपीएल सुरू झाली की साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागपर्यंत गप्पांमध्ये एक प्रश्न हमखास येतो, 'आज भाव काय?' हा भाव हळदीचा किंवा उसाचा नसतो. तो असतो सामन्यावरच्या सट्ट्याचा. आपल्याला क्रिकेट कळतं, म्हणजे आपण पैसे कमावणार, असं अनेक तरुणांना वाटतं. पण भावाचं गणित वेगळंच आहे.

80-82 म्हणजे काय?

समजा मुंबई-चेन्नई सामना आहे, मुंबई 'फेवरेट' आहे आणि भाव 80-82 आहे. मुंबईवर 1,000 रुपये 'लगाई' केले आणि ती जिंकली, तर 800 रुपयांचा फायदा. हरली तर 1,000 गेले. मुंबई हरेल असं वाटणारा 'खाई' करतो. मुंबई हरली तर त्याला 1,000 मिळतात, जिंकली तर 820 द्यावे लागतात.

आता दोघांनी एकेक सौदा केला, असं धरा. मुंबई जिंकली तर बुकी 820 घेतो, 800 देतो. हरली तर 1,000 घेतो आणि 1,000 देतो. म्हणजे बुकीला एकतर 20 रुपये मिळतात किंवा काहीच जात नाही. हळदीच्या व्यापाऱ्याचा खरेदीचा आणि विक्रीचा भाव वेगळा असतो, तसंच हे.

'सेशन'मध्येही हीच गोष्ट. सहा षटकांचा भाव 46-48 असेल आणि धावा 47 झाल्या, तर 'येस' आणि 'नो' म्हणणारे दोघंही हरतात.

भाव ठरतो कसा?

सुरुवातीचा भाव संघांची कामगिरी, खेळपट्टी आणि मैदानावरच्या जुन्या निकालांवरून काढतात. नाणेफेक, विकेट, षटकार यांनुसार तो हलतो. पण पैसा कुठे लागतोय, यावरूनही तो बदलतो. सगळे मुंबईवर पैसे लावू लागले की बुकी मुंबईचा भाव पाडतो, म्हणजे काही जण चेन्नईकडे वळतात. थोडक्यात, भाव हे निव्वळ भाकीत नसतं. ती बुकीने स्वतःचा हिस्सा धरून लावलेली किंमत असते.

ॲपवर काय होतं?

ॲपवर बरोबरीच्या सामन्यात दोन्ही संघांना 1.90 असा भाव दिसू शकतो. 1,000 लावले तर जिंकल्यावर मूळ रकमेसह 1,900 मिळतात. 74 सामन्यांच्या हंगामात प्रत्येक सामन्यावर 500 रुपये लावले, तर एकूण 37,000 होतात. निम्मे अंदाज बरोबर आले तर हातात येतात 35,150, म्हणजे 1,850 रुपयांचा तोटा. नुसती बरोबरी साधायला 100 पैकी 53 अंदाज बरोबर यावे लागतात. त्यात सेशनचे सौदे वाढले की तोटाही वाढतो.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात अड्डा चालवणाऱ्याला शिक्षा आहेच, शिवाय तिथे सापडणाऱ्यालाही आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. असा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

आणखी एक मुद्दा अनेकांना माहीत नसतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. व्हॉट्सॲपवर 'आयडी' देणाऱ्याने जिंकलेले पैसे बुडवले, तर त्यासाठी दावा करता येत नाही. तसंच पैजेची उधारी बुकीलाही न्यायालयातून वसूल करता येत नाही. म्हणून त्यासाठी कुणी धमकावत असेल, तर घाबरून सावकाराकडे जाण्याआधी घरच्यांना सांगा आणि पोलिसांत तक्रार करा.

सट्ट्याची सवय सुटत नसेल, तर 14416 या 'टेलि-मानस' हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.