फ्यूज वायरला वाचवतो, माणसाला नाही

चेन्नईचा जॉर्ज टाउन हा समुद्राकाठचा जुना व्यापारी भाग. अरुंद गल्ल्या, एकमेकींना चिकटलेल्या भिंती, खाली दुकान किंवा गोदाम आणि वर बिऱ्हाड. मराठी माणसाला हा भाग परका नाही. येथील थंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या कालिकांबाळ मंदिरात छत्रपती शिवाजी महाराज १६७७ साली दर्शनाला आले होते, असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी दक्षिणेत गेलेली गलाई कुटुंबे याच परिसरातील सौकारपेटेत पाय रोवून आहेत.

या शहरात वीज फार लवकर आली. १८९५ साली मद्रासच्या रस्त्यांवर विजेची ट्राम धावू लागली होती. पुढे घराघरांत वायरिंग झाले, ते दोन-चार दिवे आणि एखादा पंखा एवढ्याच हिशेबाने. आज त्याच घरांत फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, इडलीचे पीठ वाटणारा ग्राइंडर, गिझर आणि वातानुकूलन यंत्रही असते. उपकरणे नवी, पण भिंतीतली वायर मात्र आजोबांच्या काळातली! ही स्थिती पुण्यातील वाड्यांत, मुंबईच्या चाळींत किंवा कोल्हापूरच्या पेठांतही काही वेगळी नाही.

भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात. घराच्या चार भिंतींतले अपघात तरी थोड्या काळजीने टाळता येतात. त्यासाठी आधी एक गैरसमज दूर करायला हवा.

झिणझिण्या ही सूचना आहे

फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, मिक्सर ‘चावतो’, हे अनेक घरांत सहज बोलले जाते. मग गृहिणी पायात रबरी चपला घालून काम उरकते. ‘फ्यूज आहे ना, काही झाले तर उडेल’ अशी घरातल्यांची समजूत असते.

ही समजूत जिवावर बेतू शकते. फ्यूज किंवा त्याच्या जागी आलेला एम.सी.बी. हा मुख्यतः वायर जळू नये म्हणून असतो. सहा अँपिअरचा एम.सी.बी. सहा अँपिअरपर्यंतचा प्रवाह निमूटपणे वाहू देतो. माणसाच्या छातीतून सुमारे ३० मिलिअँपिअर प्रवाह काही क्षण वाहिला तरी धोका सुरू होतो आणि तो वाढला तर हृदयाची लय बिघडू शकते. सहा अँपिअर म्हणजे ६,००० मिलिअँपिअर, या मर्यादेच्या दोनशे पट! म्हणजे माणूस धक्क्याने कोसळला, तरी फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग माणसाला वाचवते कोण? एक अर्थिंग आणि दुसरा आर.सी.सी.बी.

तिसरी पिन कशासाठी?

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते. प्लग खोचताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, यासाठी ही योजना आहे. आतली वायर उपकरणाच्या धातूच्या अंगाला चिकटली, तर या पिनेतून वीज जमिनीत जाते. अर्थिंग चांगले असेल तर तेवढ्यात मोठा प्रवाह वाहून फ्यूजही उडतो. ही पिन तोडून टाकणे किंवा प्लगच काढून उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

मात्र सॉकेटला तीन भोके आहेत म्हणजे अर्थिंग आहेच, असे नव्हे. जुन्या घरांत अर्थिंगची वायर पुष्कळदा नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असे. पुढे नळदुरुस्तीत प्लॅस्टिकचे पाइप आले आणि घराचे अर्थिंग कुणाच्या नकळत नाहीसे झाले! काही ठिकाणी तर कामचुकार कारागीर सॉकेटच्या आतच अर्थ आणि न्यूट्रल एकमेकांना जोडून मोकळे होतात. अशा घरात न्यूट्रलची वायर तुटली, तर फ्रिजच्या दारातच वीज उतरते. म्हणून परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक सॉकेट तपासून घ्यावे. हे काम तासा-दोन तासांचे असते.

छोटा पहारेकरी

आर.सी.सी.बी. हे मीटरजवळच्या बोर्डात बसवायचे उपकरण. घरात जितकी वीज गेली तितकीच परत आली का, यावर ते लक्ष ठेवते. फरक पडला, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चालली आहे, हे ओळखून ते क्षणार्धात पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. घ्यावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी हीच मर्यादा आहे. त्याची किंमत साधारणपणे एका बऱ्या मिक्सरहून जास्त नसते.

त्यावर ‘टी’ अक्षराचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. पुरवठा बंद झाला नाही तर उपकरण बदलावे. ते वारंवार पडू लागले की ‘काढूनच टाका’ असा सल्ला मिळतो, तो मुळीच ऐकू नये. कुठेतरी गळती आहे, एवढेच ते सांगत असते. एकेक उपकरण बंद करून दोषी कोण, ते शोधावे. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्याला हे उपकरणही वाचवू शकत नाही.

खरेदी आणि वापर

जॉर्ज टाउनच्या बर्मा बाजारसारख्या बाजारांत स्वस्त वस्तूंचा मोह होतो. इस्त्री, गिझर, पाण्याचा रॉड किंवा वायर घेताना आय.एस.आय. चिन्ह पाहावे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सी.एम./एल. ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बी.आय.एस. केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तो खरा की खोटा, हे तपासता येते.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

● सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर १,००० वॉटची इस्त्री आणि १,५०० वॉटची किटली एकाच वेळी लावली, तर सुमारे अकरा अँपिअर प्रवाह वाहतो. बोर्ड वितळून आग लागू शकते.

● गिझर आणि वातानुकूलन यंत्रासाठी बोर्डापासून स्वतंत्र, जाड वायर घ्यावी.

● पाणी तापले का, हे पाहण्यापूर्वी रॉडचे बटण बंद करून प्लगही काढावा.

● फ्यूज उडाला म्हणून जाड तार बांधू नये. वायर तापते आणि फ्यूज शाबूत राहतो.

● नवरात्रातल्या आणि दिवाळीतल्या दिव्यांच्या माळा लोखंडी जाळीवरून नेऊ नयेत.

पाणी शिरले तर

चेन्नईत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चे मिचाँग चक्रीवादळ लोक विसरलेले नाहीत. पाणी उंबरठ्याशी आले, की कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करावा. इन्व्हर्टरही बंद करावा, कारण बाहेरची वीज गेली तरी त्याची वीज घरात खेळत असते. मेन स्विचपाशीच पाणी असेल तर त्याच्याजवळ जाऊ नये, वीज कंपनीला कळवावे. भिजलेला फ्रिज किंवा मशीन वरून कोरडे दिसले, तरी कारागिराने तपासल्याशिवाय सुरू करू नये.

कुणाला धक्का बसून तो चिकटला असेल, तर घाबरून त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर सारावे. १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

घर भाड्याचे असले, की ‘घरमालक बघेल’ असे भाडेकरू म्हणतो आणि ‘वापरणारा बघेल’ असे मालक म्हणतो. या वादात वर्षे निघून जातात. खर्च कुणी करायचा ते मागाहून ठरवता येईल, पण फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वायरमनला त्याच दिवशी बोलवावे.