आंब्यावरील भिरूड: डायक्लोरव्हॉस बंद झाल्यावर वऱ्हाडात उपाय काय?

तुमच्या धुऱ्यावरचे जुने गावरान आंब्याचे झाड एका बाजूने वाळत असेल, तर पाणी कमी पडले असे समजून थांबू नका. बुंध्याशी लाकडाचा जाडसर भुसा पडला आहे का आणि सालीतून चिकट रस गळतो आहे का, ते पाहा. तसे दिसल्यास आत भिरूड म्हणजेच खोडकिडा असण्याची शक्यता मोठी आहे.

कोकणात आंब्याच्या सलग बागा आहेत. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत मात्र आंबा बहुतेक धुऱ्यावर, नाल्याकाठी आणि विहिरीजवळ विखुरलेला असतो. त्यामुळे ही कीड येथे सहसा नजरेस पडत नाही. मात्र उंबर, सावर आणि शेवग्यावरही ती जगते.

वरुड, मोर्शी, अचलपूर भागातील संत्रा बागायतदारांनी एक फरक ध्यानात ठेवावा. संत्र्याच्या सालीवर जाळी आणि विष्ठेचे पट्टे दिसतात, ते साल खाणाऱ्या अळीचे काम असते. ती पतंगाची अळी आहे. भिरूड हा भुंगेरा असून त्याची अळी लाकूड पोखरत आत जाते.

हंगाम: पावसाळा सुरू होताच भुंगेरे बाहेर पडतात. मादी जखमी किंवा कमजोर झाडाच्या सालीत अंडी घालते. अळी हिवाळा आणि उन्हाळा खोडातच काढते. एका पिढीला साधारण वर्ष लागते.

बदललेली परिस्थिती: छिद्रात डायक्लोरव्हॉस सोडा, हा सल्ला जुन्या पत्रकांत आजही सापडतो. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या आदेशानुसार हे कीडनाशक ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. शिल्लक बाटली कुणी देऊ केली तरी घेऊ नका. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही.

काय करावे?

- छिद्र साफ करून आकडी केलेल्या तारेने अळी बाहेर ओढून मारावी.
- अळी हाती लागली नाही तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा छिद्रात घालून चिखलाने लिंपावे. जवळ विडी, काडी पेटवू नये.
- आठवड्याने पाहावे. ताजा भुसा दिसल्यास उपाय पुन्हा करावा.
- खोडाला कुऱ्हाडीचे घाव घालू नयेत. छाटणीच्या जखमांवर बोर्डो पेस्ट लावावी (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर).
- पूर्ण वाळलेले झाड किंवा पोखरलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी तोडून जाळाव्यात. लाकूड बांधावर पडून राहिले, तर त्यातूनच भुंगेरे निघतात.

या कामाला औषधापेक्षा वेळेवर नजर ठेवणे अधिक लागते. ओळख पटत नसेल तर भुसा आणि अळी डबीत घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात दाखवा. खर्च त्यानंतरच करा.