मडकी फुटली, पिणारा तसाच

शहाद्याकडे सत्तरच्या दशकात आपल्या बायांनी दारूचे अड्डे बंद पाडले, मडकी फोडली, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना गावापुढे जाब विचारला. पण साथींनो, मडकं फुटल्यावर पिणाऱ्या बाप्याचं काय झालं? आठ दिवस शुद्धीत, नवव्या दिवशी शेजारच्या गावात. पुन्हा बायांनीच धावायचं. आणि आमचे पुरुष कार्यकर्ते म्हणणार, "तो बायांचा प्रश्न, आधी जमीन!"

अहो, जमीन गेली कशी? १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीकडे गेलेली जमीन कायद्यानं परत मागता येते. त्यातले किती अंगठे दारूच्या उधारीवर उठले, ते म्हाताऱ्यांना विचारा. आता तहसीलला तारीख लागली की अर्जदार झिंगून पडलेला. आदल्या रात्री पाजली कोणी, हे काय सांगायला पाहिजे?

कोणी म्हणतं, मोहाची दारू देवाला लागते. लागू द्या की. देवाला एक धार पुरते, बाटलीभर कोणत्या देवानं मागितली?

कोणी म्हणतं, खांबाला बांधा, आपोआप उतरेल. हे जिवावरचं आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो. दोन-तीन दिवसांत झटके येतात, नाही ते दिसायला लागतं. आपण म्हणतो बाहेरचं लागलं, बडव्याला बोलवा. बाहेरचं काही नाही, दारू तुटल्याचा आजार आहे तो, माणूस दगावतो त्यात. सरकारी दवाखान्यात न्या, किती पितो ते डॉक्टरला खरं सांगा. आणि दारू सोडायची गोळी चोरून भाजीत घालू नका. वरून तो प्यायला तर जीव जाईल.

पुण्यात १९८६ साली मुक्तांगण निघालं. चांगलंच झालं. पण पुणं रात्रभराची यष्टी, आणि सालदाराला तेवढे दिवस सोडतो कोण? मोरवडच्या गुलाम महाराजांच्या मागं १९३० च्या दशकात हजारोंनी दारू सोडली, ती दवाखान्याशिवाय. सगळ्यांनी मिळून सोडली म्हणून टिकली.

म्हणून पाड्यापाड्यात बाप्यांची वेगळी बैठक पाहिजे, आठवड्याला एक. दिवसभर मालकाच्या शिव्या गिळल्या हे बाप्या बायकोपुढे बोलत नाही, पितो आणि तिलाच मारतो. बैठकीत त्यानं ते बोलावं. मात्र मारल्याची माफी तिथं मिळणार नाही, तिचा निवाडा बायाच करतील. सोडलेल्यानं नव्यासोबत पहिल्या रात्री जागावं, बाजाराच्या दिवशी त्याला एकटं सोडू नये.

सुरुवात कार्यकर्त्यांपासून करा. मोर्चाहून परतताना ट्रकमध्ये बाटली कोण फिरवतं, ते बायांना ठाऊक आहे.