स्थौल्यचिकित्सेचे यश कशाने मोजावे?

स्थौल्याचा रुग्ण वैद्याकडे क्वचितच सर्वप्रथम येतो. तो आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचे दोन-तीन उपाय करून झालेले असतात. काही किलो वजन त्याने एकदा-दोनदा उतरवलेले असते आणि ते व्याजासह परतही आलेले असते. त्यामुळे 'वजन उतरेल का?' यापेक्षा 'उतरलेले वजन या वेळी तरी टिकेल का?' ही त्याची खरी चिंता असते. आपल्या व्यवसायातील फलक व जाहिराती मात्र पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मोठ्या अक्षरांत देत असतात. 'एका महिन्यात इतके किलो' हे माप आपण कोठून घेतले आणि ते शास्त्रास मान्य आहे काय, याचा विचार वैद्यवर्गाने करावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

सिपना नदीच्या काठचे, परतवाडा-धारणी मार्गावरील सेमाडोह हे चिखलदरा तालुक्यातील गाव. मेळघाट म्हटले की कुपोषण आठवते, आणि ते रास्तच आहे. परंतु त्याच गावी रुग्णतपासणीस जाताना स्थौल्याचे रुग्णही भेटतात. चहा-नाश्त्याचे दुकान चालविणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एका भगिनींचे उदाहरण बोलके आहे. शहरातील एका केंद्राच्या सल्ल्याने दोन वेळचे जेवण सोडून त्या पावडरीवर राहिल्या व दोन महिन्यांत सात किलो उतरल्या. पुढे महालक्ष्म्यांचे पुरण-आंबील आले, दिवाळी आली, थंडीतले रोडगे-वांग्याचे बेत झाले. संक्रांतीपर्यंत ते सातही किलो परत आले आणि वर दोन अधिक. केंद्राने दोष त्यांच्या जिभेला दिला. त्यांनीही तो निमूटपणे स्वीकारला.

हा दोष जिभेचा खचितच नव्हता. आहार एकाएकी तोडल्यावर पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, त्यात मेदापेक्षा पाण्याचाच वाटा मोठा असतो. शरीरात साठविलेली पिष्टमय शर्करा आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते. साठा संपला की ते पाणी जाते आणि एका सणाच्या जेवणाने परत येते. पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील वजन घटविण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्पर्धेनंतर सहा वर्षे उलटूनही त्यांच्या शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिलेला आढळला. वजन मात्र बहुतेकांचे परत वाढले होते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात हेच कोडे आपल्या परिभाषेत मांडले आहे. मेदाने स्रोतसांचे मार्ग रोधले गेल्याने वायू कोष्ठात संचार करतो, अग्नी प्रदीप्त करतो आणि अतिस्थूलास अतिक्षुधा पीडते. क्षुधातिमात्रता हे त्याच्या आठ दोषांपैकी एक आहे. तो केवळ स्वभावाचा दुबळेपणा नव्हे. अग्नी व वायू स्थूलास कसे जाळतात, हे सांगताना वनातील वणव्याची उपमा येते. सेमाडोहच्या रहिवाशांना ती समजावून सांगावी लागत नाही. वणवा पेटल्यावर धावाधाव करण्यापेक्षा उन्हाळ्यापूर्वी आखलेली जाळरेषा जंगल वाचविते, हे त्यांना ठाऊक असते. स्थूल रुग्णास एकाएकी उपाशी ठेवणे म्हणजे त्या वणव्यास वारा घालणेच होय.

म्हणूनच आचार्य स्थौल्यास गुरू पण अपतर्पक आहार सांगतात: जे अन्न पोटास आधार देईल पण मेद वाढविणार नाही. यव, मूग, कुळीथ, श्यामाक, कोद्रव ही त्या यादीतील धान्ये. यांपैकी सावा व कोदो, आणि त्यांच्या जोडीला कुटकी, ही मेळघाटातील कोरकू बांधवांची परंपरागत पिके. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले आणि शहरांतील दुकानांत त्यांच्या आकर्षक पिशव्या दिसू लागल्या. आपण पथ्य लिहिताना महागड्या पावडरीऐवजी ही धान्ये लिहिली, तर रुग्णाचे भले होईल आणि पिकविणाऱ्या शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतील. मात्र येथेही धान्याचे नाव पुरेसे नाही, मात्रा व काल सांगितलाच पाहिजे. कोदोचा भात दुप्पट खाऊन मेद घटत नाही.

व्यायामाचेही तसेच. 'पहाटे अंधारात तासभर चाला' हा शहरी सल्ला व्याघ्रप्रकल्पातील गावात देता येत नाही. तेथे पहाटेच्या रस्त्यावर अस्वल भेटू शकते. अर्धशक्तीपर्यंत व्यायाम हा दंडक आणि देशविचार, दोन्ही ध्यानी घेऊन उपरोक्त भगिनींना घराच्या अंगणातच, दिवसा, दोन वेळा विभागून चालण्यास सांगितले. त्यांच्या दिवसभरातील दहा-बारा कप चहाची साखर पादांशिक क्रमाने, म्हणजे चतुर्थांशाने, उतरविली. अहितकर सवय एकदम न तोडता पाया-पायाने सोडावी, असे चरकांनीच सांगितले आहे. क्रमाने घटविलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत आणि क्रमाने मिळविलेले गुण ढळत नाहीत, हे त्यामागचे कारणही त्यांनी दिले आहे. वर्षभरात त्यांचे वजन चार किलो उतरले. पावसाळ्यात ते दीड किलो चढले होते, दिवाळीत पुन्हा थोडे चढले, वसंतात उतरले. जाहिरातीस हा आकडा निरुपयोगी आहे. परंतु दुसऱ्या वर्षीच्या महालक्ष्म्या झाल्यावरही ते चार किलो परत आलेले नव्हते.

'अपुनर्भव' हा शब्द आपण या रोगाच्या कपाळी लिहावा, असे मला वाटते. २०२५ साली भूक मंदावणारी नवी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. त्यांचा परिणाम निर्विवाद आहे. परंतु त्यांपैकी सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हे वाचून आपल्यापैकी काहींना समाधान वाटेल. पण तोच प्रश्न आपल्या गुग्गुळकल्पांना व उद्वर्तनाच्या पॅकेजांना विचारला, तर उत्तर देण्याजोग्या वर्षभराच्या नोंदी आपल्यापैकी किती जणांकडे आहेत?

स्थौल्य आणि कार्श्य यांत कार्श्य बरे, असे आचार्य म्हणतात. त्याचे कारण चिकित्सेची कठीणता हे आहे: स्थूलास संतर्पण दिले तर मेद वाढतो, अपतर्पण दिले तर प्रदीप्त अग्नीमुळे ते सोसत नाही. शास्त्र ज्यास इतके कष्टसाध्य मानते, त्याची 'हमखास' जाहिरात करणे शास्त्राशी प्रतारणा होय. कायद्यासही ते मान्य नाही. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश आहेच.

या विषयाची आणखी एक बाजू विसरता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या वा स्थूल, तर १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आढळल्या. अतिस्थूल व अतिकृश या दोघांस एकाच अध्यायात बसविणाऱ्या आचार्यांची दृष्टी यातून पटते. मेळघाटात तर हे दोन्ही रुग्ण एकाच बाकावर बसलेले असतात. अशा ठिकाणी एकीला लिहिलेले लंघन शेजारणीने आपल्यावर लागू करून घेणे, किंवा आईचे पथ्य घरातील लेकराच्या ताटापर्यंत पोहोचणे, हा धोका काल्पनिक नाही. चिठ्ठी लिहिताना घरात आणखी कोण जेवते, हे विचारणे हा निदानाचाच भाग मानावा.

तेव्हा वैद्यबंधू-भगिनींनी तीन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. वजन रोज न पाहता आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, कमरेच्या घेरासह नोंदवावे, म्हणजे पाण्याच्या चढउतारावर रुग्णाचे मन हिंदकळणार नाही. सहाही ऋतू पूर्ण झाल्यावाचून कोणताही रुग्ण 'यशस्वी' म्हणून सांगू नये. आणि ज्यांचे वजन परत आले, त्यांच्याही नोंदी संघटनेच्या सभांमध्ये मांडाव्यात, कारण चिकित्सेचे बरेचसे शिक्षण त्या नोंदींतच दडलेले असते. वजन वाढून परत आलेल्या रुग्णास दारातच अपराधी वाटले, तर तो पुन्हा आपल्याकडे येणार नाही. तो पुढच्या जाहिरातीकडे जाईल.